एम अँड ईची क्षमता वाढवायची म्हणजे नेमकी कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका स्वयंसेवी संस्थेत नव्याने लागलेल्या मुलीने विचारलंय: "एचआयव्ही कार्यक्रमाच्या संनियंत्रण आणि मूल्यमापनाची, म्हणजे एम अँड ईची, क्षमता कशी वाढवायची, यावर मला वर्षाचा आराखडा लिहायला सांगितलाय. सॉफ्टवेअर आहे, ट्रेनिंग दरवर्षी होतं, फॉर्मॅट तर ढीगभर आहेत. तरी भोपाळहून फोन आला की धावपळ उडते आणि आकडे जुळत नाहीत. सुरुवात कुठून करू?"

ट्रेनिंगपासून करू नका. ते आराखड्याच्या चौथ्या-पाचव्या पानावर आलं तरी चालेल. पहिल्या पानावर एवढंच लिहा: आपल्याकडून वर जाणारा प्रत्येक आकडा तो भरणाऱ्या माणसाकडे परत कधी येतो, आणि कोणत्या रूपात? बहुतेक ठिकाणी याचं खरं उत्तर "येतच नाही" असं असतं. येतो तो फोन, आणि तोही चूक सापडली तरच. ज्या आकड्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही तो भरताना माणूस पाट्या टाकणार, हे उघड आहे. त्याला कामचुकार म्हणण्यात अर्थ नाही. दहा रजिस्टरं भरून झाल्यावर अकरावं तुम्ही-आम्हीही तसंच भरू.

मी या क्षेत्रात आधी संस्थेत, मग जिल्ह्याच्या पातळीवर आणि पुढे दुसऱ्या राज्यांतले कार्यक्रम तपासण्यात अर्धं आयुष्य घालवलं. कमजोर यंत्रणा बऱ्याच पाहिल्या, पण त्यातल्या फारच थोड्या "लोकांना येत नाही" म्हणून कमजोर होत्या. भरणाऱ्यांना भरता येतं. वरच्यांना विचारता येत नाही, आणि मधल्यांना परत सांगता येत नाही.

यूएनएड्सने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने, 2008 मध्ये राष्ट्रीय एम अँड ई यंत्रणेचे बारा घटक मांडले. ते तीन वर्तुळांत काढलेले असतात. बाहेरच्या वर्तुळात माणसं, भागीदारी, नियोजन. मधल्यात आकडे गोळा करणं, तपासणं, साठवणं. अगदी आत, गाभ्याला, एकच गोष्ट: निर्णय घेताना त्या आकड्यांचा वापर. आराखडे लिहिणारी मंडळी मधल्या वर्तुळात रमतात, कारण तिथे खरेदी करता येते. सर्व्हर, टॅब्लेट, छापील रजिस्टरं, सॉफ्टवेअरचं कंत्राट. गाभ्यासाठी कोटेशन मागवता येत नाही, म्हणून तो राहून जातो.

सॉफ्टवेअरला मी नावं ठेवत नाही. नाको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, 1992 मध्ये सुरू झाली तेव्हापासून आपला कार्यक्रम कागदावरून सीएमआयएस या संगणकीय नोंदप्रणालीवर आला, 2010 च्या सुमाराला तिच्या जागी सिम्स आली आणि आता सोच आहे. सिम्समध्ये प्रामुख्याने महिनाअखेरची बेरीज जायची. सोचमध्ये एकेक माणूस नोंदला जातो. हा फरक साधा नाही. एखादा माणूस एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) तपासणी करून आला, खात्री वाटेना म्हणून देवासला गेला, पुढे गावाकडे पुन्हा तपासून आला, तर जुन्या बेरजेत तो तीन जण व्हायचा. आता दुबार नोंद पकडायची सोय आहे. ती वापरायला मात्र कुणीतरी बसून जुळणारी नावं-वयं तपासावी लागतात, आणि हे काम कुणाच्याच जॉब चार्टमध्ये ठळक लिहिलेलं नसतं.

आकडे आणि परिस्थिती यांची गल्लत करणाऱ्यांना मी 2007 ची गोष्ट सांगतो. तोवर भारतात सुमारे 52 लाख लोक एचआयव्हीसह जगत असावेत असा अधिकृत अंदाज होता. त्या वर्षी तो 25 लाखांच्या आसपास आला. पेशंट कमी झाले नव्हते, मोजण्याची पद्धत सुधारली होती. आधीचा अंदाज मुख्यतः सेंटिनल केंद्रांवर, म्हणजे ठरावीक सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या नमुन्यांवर उभा होता. 2006 मध्ये ही केंद्रं अकराशेच्या वर गेली, आणि त्याच सुमारास तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लाखावर सर्वसामान्य माणसांची रक्त तपासणी झाली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कळलं की सरकारी दवाखान्यात येणारा माणूस म्हणजे अख्खा समाज नव्हे. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की अर्ध्यावर आलेला आकडा जाहीर करायला कार्यक्रमातले लोक तयार झाले. निधी आटेल, आधीच्या कामावर बोट ठेवलं जाईल, ही भीती असणारच. क्षमता म्हणतात ती यातही मोजायची.

आता इंदूरवर येऊ, कारण तुमचा आराखडा इथला आहे आणि इथली एक अडचण आराखड्यांच्या नमुन्यांत सापडत नाही. ती अंश आणि छेदाची.

95-95-95 हे लक्ष्य तुम्हाला पाठ असेल: एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी 95 टक्क्यांना आपली स्थिती माहीत असावी, त्यातल्या 95 टक्क्यांचे उपचार चालू असावेत, आणि त्यातल्या 95 टक्क्यांच्या रक्तात विषाणू दबलेला असावा. पहिल्या टप्प्याचा छेद कुणी मोजून आणलेला नसतो. तो गणिती मॉडेलमधून येतो आणि त्याला खालची-वरची मर्यादा असते. देशासाठी ही मर्यादा सोसते, राज्यासाठीही चालते. जिल्ह्यापर्यंत येता येता ती इतकी रुंद होते की "आमचा जिल्हा 93 वर, शेजारचा 88 वर" या वाक्याला फारसा अर्थ राहत नाही. तरी आढावा बैठकीत नेमकं हेच वाक्य सगळ्यात मोठ्याने बोललं जातं.

त्यात इंदूर हे अख्ख्या माळव्याचं आणि निमाडचं दवाखान्याचं गाव. धार, झाबुआ, खरगोन, देवासची माणसं एमवायला येतात, पीथमपूरच्या कारखान्यांत काम करणारी बिहार-उत्तर प्रदेशची माणसंही येतात. अंश केंद्रावरून आला, म्हणजे "आमच्या एआरटी सेंटरला (एचआयव्ही उपचार केंद्राला) इतके लोक औषध घेतात", आणि छेद जिल्ह्याच्या रहिवाशांचा लावला, की इंदूरची टक्केवारी शंभराच्या वर जाऊ शकते आणि झाबुआ उगीच मागे पडलेला दिसतो. मग झाबुआच्या माणसाला बैठकीत बोलणी बसतात, ती पण त्याच्याच पेशंटना इंदूरने सांभाळल्याबद्दल.

उलटा प्रवाहही आहे. इंदूरचा माणूस मुद्दाम उज्जैनला किंवा त्याहून लांब नोंदणी करतो. आपल्या मराठी मंडळींचं तर विचारूच नका. लोकमान्य नगरातला कुणी एमवायच्या त्या विशिष्ट रांगेत दिसला, तर संध्याकाळच्या आत राजेंद्र नगरातल्या मावशीपर्यंत बातमी पोचते. मग माणूस लांबचं केंद्र धरतो आणि पत्ता कुठलातरी लिहितो. त्यामुळे राहण्याचा पत्ता हा रकाना सोचमध्ये शंभर टक्के भरलेला असला, तरी खरा किती हा वेगळाच प्रश्न.

याला उपाय आहे, आणि तो फुकट आहे. प्रत्येक टक्केवारीखाली एक ओळ लिहायची सवय लावा: अंश कुठून घेतला, छेद कुठून घेतला, कुठल्या तारखेचा. बस. या एका ओळीने बैठकीतले निम्मे वाद मिटतात, आणि उरलेले वाद कामाचे होतात.

विषाणू दबल्याच्या आकड्यातही हीच मेख आहे. ज्यांची व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू मोजण्याची, तपासणी झाली त्यांच्यापैकी किती जण 1,000 कॉपींच्या खाली, असं विचारलं की उत्तर जवळपास सगळीकडे छान येतं. कारण तपासणीला येतो तो नियमित औषध घेणारा माणूस. जो आलाच नाही तो छेदातूनच गळला. म्हणून दोन आकडे शेजारी मागा. जे तपासणीला पात्र होते त्यांच्यापैकी किती जणांची झाली, आणि झालेल्यांपैकी किती दबलेले. पहिला कमी असताना दुसऱ्याचं कौतुक करणाऱ्या केंद्राला थोडं जवळून बघावं लागतं.

जवळून म्हणजे कसं, तेही सांगतो. एआरटी सेंटरला प्रत्येक पेशंटचं एक पांढरं कार्ड असतं, ते केंद्रातच राहतं. पेशंटजवळ हिरवं पुस्तक असतं. शिवाय नोंदणी रजिस्टर, औषधवाटपाची नोंद, आणि वर सोच. एकच निर्देशक घ्या: "महिनाअखेर औषध चालू असलेले". आधी रिपोर्टमधला आकडा लिहून घ्या. मग डेटा मॅनेजरला शेजारी बसवून रजिस्टरवरून तोच आकडा पुन्हा मोजा. मोजलेल्याला रिपोर्टमधल्याने भागलं की टक्केवारी मिळते. साधारण 10 टक्क्यांच्या आतला फरक बहुतेक तपासणी पद्धतींत चालवून घेतात. पण टक्केवारीपाशी थांबू नका. वीस-पंचवीस कार्डं कुठल्याही क्रमाने ओढा आणि एकेक वाचा.

मग काय काय निघतं बघा. एका कार्डावर शेवटची भेट नोव्हेंबरची, आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक "टी.ओ.", म्हणजे पेशंट दुसऱ्या केंद्राला पाठवला. रजिस्टरमध्ये मात्र तो अजून इथेच "चालू". तिकडच्या केंद्राने त्याला आत घेतलेला, म्हणजे राज्याच्या बेरजेत हा माणूस दोन आहे. दुसऱ्या कार्डाचा पेशंट दोन भेटी चुकला म्हणून यादीत. काउन्सेलर म्हणते, "अहो, ते गेले. भावाने फोनवर सांगितलं मला." कुठे लिहिलंय? तिच्या स्वतःच्या डायरीत, निळ्या शाईने, तारखेसकट. ती डायरी कुठल्याच फॉर्मॅटमध्ये बसत नाही, म्हणून तिच्यातली माहिती कधीच रजिस्टरपर्यंत गेली नाही. केअर कोऑर्डिनेटर बिचारा गेलेल्या माणसाचा पत्ता शोधत फिरतोय.

ट्रेनिंगला बोलावून यातलं काय सुधारणार? काउन्सेलरला लिहिता येतं, ती लिहितेच आहे. सुधारायचं आहे ते इतकंच, की आठवड्यातून एकदा, समजा शनिवारी दुपारी ओपीडी संपल्यावर, काउन्सेलर, डेटा मॅनेजर, फार्मासिस्ट आणि केअर कोऑर्डिनेटर एका टेबलाशी बसून चुकलेल्या पेशंटची यादी समोरासमोर वाचतील. अर्धा तास लागतो. चहा मागवा, पाऊण तास. क्षमतावृद्धी या शब्दाचा अर्थ मला विचाराल तर हा पाऊण तास.

इंदूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. 2017 पासून स्वच्छतेत आपलं शहर देशात अव्वल गणलं जातंय, त्याचं सर्वेक्षण वर्षातून एकदा होतं. शहर स्वच्छ राहतं ते त्या सर्वेक्षणामुळे थोडंच? गाडीवाला दारात ओला-सुका मिसळलेला कचरा घेत नाही, तिथल्या तिथे परत करतो, म्हणून राहतं. आकड्यांची चूकही दारातच परत व्हायला हवी. तीन महिन्यांनी भोपाळमध्ये पकडली तर तोवर तिच्यावर अहवालांचा डोंगर झालेला असतो.

कार्डं वाचायला वेळ नसेल तर आडून तपासायच्या दोन युक्त्या आहेत, आणि त्या मला फार आवडतात, कारण साठ्याच्या रजिस्टरला गोड बोलता येत नाही. एक, किट. आयसीटीसीत पहिली चाचणी प्रत्येकाची एका किटने होते, आणि तिच्यात रिअॅक्टिव्ह (लागण असल्याचा संशय) आलेल्यांचीच पुढे दुसऱ्या-तिसऱ्या किटने. म्हणजे पहिल्या किटचा खप आणि नोंदवलेल्या तपासण्या साधारण जुळायला हव्यात. कंट्रोल आणि वाया गेलेल्या धरून थोडा फरक पडेल. तपासण्या किटपेक्षा जास्त निघाल्या, तर काय झालंय हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दोन, गोळ्या. टीएलडी ही एचआयव्हीची नेहमीची गोळी दिवसाला एक, बाटलीत तीस. तिमाहीत वाटलेल्या बाटल्यांना तीनने भागा आणि त्या औषधावर "चालू" दाखवलेल्या पेशंटशी ताडून बघा. एकदम तीन महिन्यांचं औषध देणं वाढल्यापासून महिन्याचा हिशोब जुळत नाही, म्हणून तिमाहीचा घ्या.

व्याख्या बदलण्याबद्दलही एक सावधगिरी. अमेरिकेच्या पेपफार या परदेशी एचआयव्ही-मदत कार्यक्रमाने 2019 मध्ये "उपचार सुटला" धरण्याची मुदत 90 दिवसांवरून 28 दिवसांवर आणली. ज्या देशांत ती लागू झाली, तिथल्या आलेखांत त्या जागी उडी दिसणं अपरिहार्य होतं. पेशंट मात्र होते तसेच होते. आपल्याकडेही मार्गदर्शिका बदलतात. आलेखावर ज्या महिन्यात व्याख्या बदलली तिथे उभी रेघ मारा. पाच वर्षांनी तुमच्या जागी येणारी मुलगी दुवा देईल.

आता तुमच्या संस्थेचं बघू. जास्त जोखमीच्या गटांसाठीच्या लक्ष्यगट प्रकल्पांमध्ये, म्हणजे आपण ज्याला टीआय म्हणतो तिथे, एम अँड ई सांभाळणाऱ्या पदाचं नाव काय आहे ते आठवा: एम अँड ई-कम-अकाउंट्स असिस्टंट. सगळी गोम त्या "कम"मध्ये आहे. महिन्याचे पहिले काही दिवस रिपोर्टचे, मग व्हाउचर, टीडीएस, बँकेचं जुळवणं. ऑडिटर आला की एम अँड ई बंद. पैशाचा हिशोब चुकला तर नोकरीवर येतं, पेशंटचा चुकला तर कुणी विचारत नाही. मग माणूस आधी काय सांभाळेल? तुमच्या आराखड्यात दोन पदं वेगळी करा असं लिहून ते होणार नाही, पद राष्ट्रीय नियमांतून येतं. पण महिन्यातले चार दिवस हा माणूस हिशोबाला हात लावणार नाही, वस्त्यांत फिरून लोकांना भेटणाऱ्या औट्रीच वर्करबरोबर फिल्डवर जाईल, एवढं संस्थेच्या सचिवांच्या सहीने करता येतं. सचिवांना पटवायचं काम तुमचं.

फिल्डवरच्या नोंदींबद्दल एक जुनं पण उत्तम उदाहरण आहे, अवाहनचं. गेट्स फाउंडेशनने 2003 पासून महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू, मणिपूर आणि नागालँड या सहा राज्यांत हा एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम चालवला, आणि नंतर तो सरकारकडे सोपवला गेला. मध्य प्रदेश त्यात नव्हता. तिथल्या पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्यासारख्याच लोकांना भेटून समजावणाऱ्या, बहुतेक देहविक्री करणाऱ्या स्त्रियाच होत्या, आणि बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते केले. कुणाला भेटले, कुणाला निरोध हवेत, कोण दवाखान्यात जायची राहिली, कुणावर नुकतीच मारहाण झाली, सगळं खुणांनी. पण चित्रं हे त्यातलं कौशल्य नव्हे. त्या तक्त्यावरून ती बाई स्वतः ठरवायची, की येत्या आठवड्यात आधी कुणाकडे जायचं. आकडा भरणारी आणि आकडा वापरणारी एकच होती. तिथे खोटं भरण्याचं कारणच उरत नाही, कारण फसवणार कुणाला? स्वतःलाच.

आपल्याकडे हेच तक्ते पुढे "फॉर्मॅट" झाले. खुणा राहिल्या, ठरवणं गेलं. आता औट्रीच वर्कर रात्री घरी बसून आठवड्याचे रकाने भरते. बघायचं असेल तर पानावरची शाई बघा: सात दिवसांच्या नोंदी एकाच पेनने, एकाच दाबाने, एकाही खाडाखोडीशिवाय असतील तर त्या सात दिवसांत लिहिलेल्या नाहीत.

परत सांगण्याची पद्धत कशी असावी यासाठी मलावीकडे बघावं. गरीब देश, डॉक्टर मोजके. 2004 नंतर तिथे एआरटी झपाट्याने वाढली, तेव्हा त्यांनी क्षयरोग कार्यक्रमाची तिमाही पद्धत उचलली. दर तिमाहीला आरोग्य मंत्रालयाचं पथक प्रत्येक केंद्रावर जायचं, रजिस्टरवरून आकडे पुन्हा मोजायचं, त्याच दिवशी त्याच टेबलावर केंद्राला निकाल सांगायचं आणि काम चांगलं असेल तर प्रशस्तिपत्र द्यायचं. औषधांचा पुढचा पुरवठाही याच मोजणीवर ठरायचा. म्हणजे आकडा चुकला तर आपल्याच पेशंटच्या गोळ्या कमी पडणार. नर्सला यापेक्षा चांगलं कारण कुठलं सांगाल? सुरुवातीची कित्येक वर्षं हे सगळं कागदावर होतं.

म्हणून तुमच्या आराखड्यात मी एक अगदी लहान गोष्ट घालेन: पाच ओळींची परतचिठ्ठी. प्रत्येक महिन्याच्या रिपोर्टनंतर दहा दिवसांत, ज्याने भरला त्याला, मराठी-हिंदी-माळवी जी कळेल त्या भाषेत. पहिल्या ओळीत त्याचा आकडा, दुसऱ्या ओळीत मागच्या महिन्याचा. पुढे काय बदललं, कुठे शंका आहे, आणि शेवटी त्या आकड्यावरून आपण काय ठरवलं. शेवटची ओळ रिकामी राहत असेल तर तो निर्देशक गोळा करणं बंद करता येईल का, हे वर विचारा. बंद होणार नाही कदाचित, पण विचारलेलं कागदावर राहील.

गोपनीयतेचा मुद्दा इथेच सांगायला हवा, कारण परतचिठ्ठीच्या उत्साहात नेमकी तीच चूक होते. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. पेशंटची स्थिती उघड करण्यावर त्यात बंधन आहे, आणि माहिती सुरक्षित ठेवणं ही ती ठेवणाऱ्या आस्थापनेची जबाबदारी आहे. चुकलेल्या पेशंटची नावासकट यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं हे सोयीचं आहे, सर्रास चालतं आणि चुकीचं आहे. ग्रुपमधला एक फोन दुरुस्तीला गेला की ती यादी कुठे गेली सांगता येत नाही. शोधणाऱ्याला फक्त त्याच्या वाट्याची नावं द्यावीत, तीही हातात, आणि परत घ्यावीत. बाकी सगळीकडे नोंदणी क्रमांक. मघाशी मावशीचा विषय काढला तो गमतीचा भाग होता, पण त्या मावशीच्या भीतीनेच लोक खोटा पत्ता देतात आणि आपली टक्केवारी बिघडते. गोपनीयता पाळणं हा डेटा क्वालिटीचाच भाग आहे.

मूल्यमापनाबद्दल थोडंच बोलतो, कारण नावात "ई" असला तरी खालच्या पातळीवर तो जवळजवळ नसतोच. महिन्याचे आकडे किती झालं ते सांगतात, का झालं ते सांगत नाहीत. ट्रान्सपोर्ट नगर किंवा देवास नाक्याच्या ट्रकचालकांमध्ये तपासण्या वाढल्या, तर ते तुमच्या शिबिरामुळे की शेजारच्या कंपनीने सक्ती केली म्हणून? जिल्ह्याच्या पातळीवर यासाठी मोठा अभ्यास लागत नाही. दहा-बारा जणांशी नीट गप्पा, दोन ठिकाणांची तुलना, आणि आपल्याला न आवडणारं उत्तर लिहून ठेवायची तयारी, एवढ्यावर पुष्कळ कळतं. मोठे अभ्यास मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाबरोबर करा. त्यांच्या विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय हवा असतो, तुम्हाला प्रश्न सोडवायचा असतो. नीतिमत्ता समितीची परवानगी त्यांच्याकडून मिळते, हा वरचा फायदा.

आता ट्रेनिंग. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस, पहिल्या दिवशी निर्देशकांच्या व्याख्या, दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट, शेवटी प्रमाणपत्र आणि बॅग: यातून फारसं काही होत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ते होतं, कारण त्याचा खर्च दाखवता येतो. त्याऐवजी माणसं जोड्यांनी एकमेकांच्या केंद्रावर पाठवा. इंदूरचा डेटा मॅनेजर एक दिवस धारला, धारचा इंदूरला, एकच निर्देशक एकमेकांच्या रजिस्टरवरून मोजायचा. दुसऱ्याच्या रजिस्टरमधली चूक दिसली की आपल्यातली आपोआप दिसते, आणि वरून साहेब आल्यासारखं दडपणही नसतं. शिवाय अशा भेटीत टी.ओ.वाले दुबार पेशंट तिथल्या तिथे सुटतात, हा बोनस. आणि हो, एक ट्रेनिंग मात्र आवर्जून ठेवा: वरिष्ठांसाठी, दोन तासांचं, आकडा समोर आल्यावर कोणते प्रश्न विचारायचे यावर. मेडिकल ऑफिसरला "कमी का?" याशिवाय दुसरा प्रश्न सुचत नसेल तर खालचे सगळे फक्त जास्त दाखवायला शिकतील.

राहता राहिला पैसा. कार्यक्रमाच्या खर्चातला साधारण 5 ते 10 टक्के भाग एम अँड ईवर ठेवावा, असा या क्षेत्रातला जुना दंडक आहे. किती यापेक्षा कशावर, हे जास्त महत्त्वाचं. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा जगभरातलं लोकसंख्या आणि आरोग्याचं डीएचएस सर्वेक्षण काही आठवड्यांत बंद पडलं, आणि अनेक देशांत एचआयव्हीचे आकडे सांभाळणारी माणसं घरी बसली. ती कुशल होती, पण ती प्रकल्पाची होती. आपला कार्यक्रम मुख्यतः देशाच्याच पैशावर चालतो, त्यामुळे इतका फटका आपल्याला नाही. पण कंत्राटी डेटा मॅनेजर सोडून गेला की त्याच्याबरोबर पासवर्ड, फोल्डर आणि कुठला आकडा कुठून येतो याची समजूतही जाते, हे आपणही पाहतोच. म्हणून प्रत्येक केंद्रावर एक वही ठेवा. कुठला निर्देशक, कुठल्या रजिस्टरच्या कुठल्या रकान्यातून, कुठल्या तारखेला, कोण काढतं. जाणाऱ्याने येणाऱ्याला ती वही वाचून दाखवल्याशिवाय रिलिव्हिंग लेटर द्यायचं नाही.

बजेटमध्ये प्रवासाची ओळ वेगळी आणि मोठी ठेवा. कपात आली की पहिली कात्री तिलाच लागते, कारण मीटिंगपुरता तर ऑनलाइन दुवा पुरतो असं कुणीतरी म्हणतंच. त्यांना सांगा, पेन्सिलीने लिहिलेलं "टी.ओ." स्क्रीनवर दिसत नाही. आणि पहिल्या तिमाहीत सगळी केंद्रं घेऊ नका. दोन घ्या: एक जिथले आकडे नेहमी वेळेवर आणि सुंदर येतात, आणि एक जिथून ते उशिरा, खाडाखोड करून येतात. माझा अंदाज विचाराल तर दुसऱ्या ठिकाणी तुम्हाला जास्त शिकायला मिळेल.